कुठल्या गाडीत बसायचं?

दिवाळीत चाळीसगावला ताईकडे गेले होते. ताईची धाकटी पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका आणि रात्री जेवणं आटोपली की ओट्यावरच्या दिव्याखाली प्रश्नसंच, असा तिचा दिनक्रम. शेजारी चकल्यांची ताटली ठेवून ती भराभर खुणा करत चालली होती आणि मी नुसती बघत बसले होते. एक प्रश्न नजरेत आला. १८० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते आहे, समोरून २२० मीटर लांबीची दुसरी गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने येते आहे, तर दोन्ही गाड्या एकमेकींना किती सेकंदांत ओलांडतील? सेकंदाला किती मीटर ते काढायला मी मनातल्या मनात ५४ ला पाच-अठरांशने गुणायला घेतलं, तोवर तिने १६ वर खूण करून पान उलटलंसुद्धा होतं. उत्तर अचूक होतं.

“वेगांची बेरीज का केलीस गं?” मी विचारलं.

“विरुद्ध दिशा आहे ना मावशी. विरुद्ध दिशा म्हणजे बेरीज, एकच दिशा म्हणजे वजाबाकी. सरांनी पाठच करून घेतलंय.”

“ते झालं. पण का?”

तिने मान वर न करता सांगितलं, “का, ते पेपरात विचारत नाहीत.”

हे ती उद्धटपणे बोलली नाही. लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, एका प्रश्नाला मिनिटभरही येत नाही. त्यात गणितासाठी थांबून विचार करायला सवड कुठून काढणार? ताईच्या घरी यंदा कपाशीला भाव नाही, थोरलीचं लग्न तोंडावर आहे, आणि ही मुलगी पहाटे साडेचारला उठून पायात बूट चढवते. तिने सूत्र पाठ केलं म्हणून तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार? तरी त्या रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्या पडल्या ते तिचं वाक्य मनातून जाईना. लांबून स्टेशनातल्या गाड्यांचा आवाज येत होता. मुख्य लाइनीवरचं गाव आमचं, झोपेतही कुठली गाडी थांबली आणि कुठली न थांबता गेली ते कळतं. आणि मला वाटत राहिलं, एवढ्या सुंदर गणितातलं नेमकं सुंदर तेवढंच कुणीतरी काढून घेऊन या मुलीच्या हातात टरफलं ठेवली आहेत.

त्या गणितात अडचण कुठे असते? दोन्ही गाड्या हलत असतात, तिथे. रुळांच्या कडेला शेतात उभं राहून बघणाऱ्याची नजर एकाच वेळी दोन्हींवर ठरत नाही. ही इतकी पुढे आली, ती तितकी पुढे आली, हिचं शेपूट अजून इथे, तिचं इंजिन तिथे, असा गोंधळ उडतो. मग काय करायचं? शेतातून उठायचं आणि दोनपैकी एका गाडीत जाऊन बसायचं. बसलं की आपली गाडी थांबली. आपल्यापुरती थांबली, पण गणिताला तेवढं पुरतं. आता हलणारी एकच वस्तू उरली, समोरून येणारी गाडी. आपली गाडी सेकंदाला १५ मीटर जात होती, समोरची १० मीटर. आपण थांबलो असं धरलं की आपले १५ सुद्धा तिच्याच खात्यात जमा होतात, आणि ती आपल्याकडे सेकंदाला २५ मीटरने येताना दिसते. तिची लांबी २२०, आपल्या उभ्या गाडीची १८०, मिळून ४०० मीटर तिला पार करायचे आहेत. ४०० भागिले २५, सोळा सेकंद. पुलावरून जाणाऱ्या गाडीचं जे साधं गणित असतं, तेच हे. बेरीज आपण मुद्दाम करत नाही. आपण जागा बदलली की ती आपोआप होते.

त्याच दोन गाड्या एकाच दिशेला निघाल्या तर? जलद गाडीत बसा. पुढची मंद गाडी सेकंदाला ५ मीटरने मागे सरकत आपल्याकडे येते आहे असं दिसेल, आणि पूर्ण मागे पडायला ४०० भागिले ५, म्हणजे ८० सेकंद लागतील. गाड्या त्याच, लांबी तीच, इंजिनं तीच. फक्त एकीने तोंड फिरवलं आणि सोळाचे ऐंशी झाले. मला हा फरक अजूनही नवलाचा वाटतो.

हे मला कुठल्या वर्गात कळलं नाही. आमच्या वडिलांनी, दादांनी, चाळीसगाव स्टेशनात खेळता खेळता शिकवलं. धुळ्याला आत्याकडे जायला आम्ही पॅसेंजरने निघायचो आणि दादा गाडी सुटायच्या बरंच आधी आम्हाला डब्यात आणून बसवायचे. खिडकीच्या गजांना धरून हाताला लोखंडाचा वास लागायचा, फ्रॉकच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा, खाली टरफलांचा थर. शेजारच्या रुळावर एखादी दुसरी गाडी उभी असली की दादांचा खेळ सुरू व्हायचा. फलाटाकडे बघायचं नाही, फक्त शेजारच्या गाडीकडे बघायचं, आणि खिडक्या सरकू लागल्या की सांगायचं, आपली सुटली की तिची? मी आणि ताई डोळे ताणून बघायचो. ताई म्हणायची आपली, मी म्हणायचे तिची. दादा म्हणायचे, “कशावरून?” आणि आमच्याकडे उत्तर नसायचं, कारण डोळ्यांना खरोखरच ते कळत नाही. खिडक्या सरकताहेत एवढंच दिसतं. कोण कुणाला सोडून चाललंय ते त्या सरकण्यात कुठेही लिहिलेलं नसतं. मग दादा सांगायचे, “डोळ्यांना नका विचारू, पाठीला विचारा.” आपली गाडी सुटली तर पाठ बाकड्यावर टेकते, किंचित हिसका बसतो. हिसका नाही तर आपण जागेवरच. एकदा का गाडी सुरळीत एका वेगाने धावू लागली की मग पाठीलाही काही कळत नाही.

दादा रेल्वेत नव्हते, शिक्षकही नव्हते. धान्याच्या आडतीवर हिशेब लिहायचे. पण ‘आपण कुठे बसून बघतोय’ हे आधी विचारायचं, ही सवय त्यांनी आम्हाला लावली.

खूप नंतर वाचनात आलं की हाच खेळ आर्यभटांनी आकाशाशी केला होता. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात त्यांनी नावेतल्या माणसाचा दाखला दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर असलेले तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरतो आहोत आपण, आणि सरकताना दिसतंय आकाश. एवढं मोठं विधान, आणि त्याला पुरावा म्हणून नावेतला साधा प्रवासी. हे सहजासहजी कुणाच्या पचनी पडलं नाही. ब्रह्मगुप्तांसारख्या थोर गणितज्ञानेही आक्षेप घेतला, की पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांची बुद्धी आभाळाएवढी होती त्यांनाही आपण बसलोय ती जागाच हलते आहे हे मानणं अवघड गेलं. मग दहावी-बारावी झालेल्या मुलांना ते एका ओळीच्या सूत्रात कसं कळावं? सूत्र त्यांना येतं. बसणं येत नाही.

आणि सूत्र म्हणावं तर तेही आर्यभटांनीच देऊन ठेवलं आहे. त्याच ग्रंथाच्या गणितपादात श्लोक आहे, की दोन गोल परस्परविरुद्ध दिशांनी जात असतील तर त्यांच्यातल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या वजाबाकीने भागा, म्हणजे त्यांच्या भेटीचा काळ मिळेल. भेट होऊन गेली आहे की व्हायची आहे, दोन्हींचा विचार त्यात आहे. हे लिहिलं ग्रहांसाठी. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे आगगाडीचं गणित आगगाडीच्या आधी साडेतेराशे वर्षं आपल्याकडे तयार होतं, फक्त त्यात गुरू आणि शनी बसले होते. ‘होऊन गेलेली भेट’ हा भाग आपल्या प्रश्नसंचांतून कुठे गळाला कोण जाणे. आता या क्षणी दोन गाड्या एकमेकींपासून लांब जाताहेत, त्यांच्यात इतकं अंतर आहे, तर त्या किती वेळापूर्वी समोरासमोर आल्या होत्या? असा प्रश्न मी आजवर एकाही संचात पाहिलेला नाही, आणि खरं तर तो लहान मुलांना फार आवडेल.

आमच्या चाळीसगावाजवळ, पाटणादेवीच्या डोंगरात, पाटण नावाचं जुनं ठिकाण आहे. शाळेच्या सहली तिकडेच जायच्या. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. आम्ही मुली तिथे धबधब्याखाली भिजायचो, डबे खायचो आणि परत यायचो. या डोंगरात कुणीतरी कधी काळी मुलांना समोर बसवून ‘लीलावती’ शिकवली असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. लीलावतीत मोर आणि सापाचं एक गणित आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवर आहे आणि बिळाकडे येतो आहे. मोराने त्याला पाहिलं आणि तिरपी झेप घेतली. दोघांचा वेग सारखा, तर बिळापासून किती हातांवर ते एकमेकांना गाठतील? उत्तर बारा हात. साप पंधरा हात सरपटला, मोर पंधरा हात उडाला, आणि नऊ-बारा-पंधरा असा काटकोन त्रिकोण जमला.

या गणितावर मी मनाने फार रेंगाळते. मोराने साप आत्ता जिथे आहे तिथे झेप घेतली तर तो उपाशीच राहील, कारण तो पोचेपर्यंत साप तिथे नसेल. साप जिथे असणार आहे तिथे त्याला उडायचं आहे. म्हणजे मोराला क्षणभर सापाचा प्रवास आपल्या डोक्यात चालवून बघावा लागतो. एकाने दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं, हेच पुन्हा. आणि भास्कराचार्यांनी ते सांगताना मोर, साप, खांब, बीळ असं सगळं दृश्य उभं केलं. वाचणारा आधी खांबावर चढतो, मग आकडेमोड करतो.

आपल्या संचांमध्ये दृश्य उरलेलं नाही. ‘एका चोराने २०० मीटर अंतरावरून पोलिसाला पाहिले’ असं लिहिलेलं असतं, पण चोर कुठे बघत होता, पोलीस कसा धावला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. चोराचा वेग आठ, पोलिसाचा दहा, वजाबाकी दोन, झालं. क्लासवाल्यांचा मला राग नाही. एका हॉलमध्ये दीडदोनशे मुलं, फी बेताची, समोर तारीख ठरलेली, त्यात ते जमेल तेवढं देतात. पण सूत्राच्या आधी फक्त दोन वाक्यं सांगायला काय हरकत आहे? ‘पोलिसाच्या डोळ्यांनी बघा. चोर तुमच्याकडे दर सेकंदाला दोन मीटर मागे येतोय.’ एवढं सांगायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांनी मुलांच्या हाती आयुष्यभर पुरेल असं काही लागतं, आणि ती दहा सेकंद वाचवायची म्हणून आपण त्यांना बेरीज-वजाबाकीचा तक्ता देतो. हे मला मनापासून खुपतं.

लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि दादांचा खेळ मला रोज खेळायला मिळाला. कितीतरी वर्षं सकाळची जलद गाडी पकडून नोकरीला गेले. डोंबिवली सुटली की कधी कधी शेजारच्या रुळावर धीमी गाडी आमच्याबरोबरीने धावायची. समोरासमोर दोन लेडीज डबे, मध्ये हातभर वाटावं इतकंच अंतर. पलीकडच्या खिडकीत कुणी पोथी वाचत असायची, कुणी केसांची क्लिप तोंडात धरून वेणी घालत असायची. दोन्ही गाड्यांचा वेग जुळला की ती बाई माझ्या समोर जागच्या जागी थांबायची. खांब, झोपड्या, खाडीकडचं पाणी, सगळं तिच्यामागून धावत असायचं, आणि ती मात्र आमच्या सोसायटीच्या समोरच्या गॅलरीत उभी राहावी तशी स्थिर. तिच्या पोथीचं पान उलटलेलंही दिसायचं. दोघी ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगाने धावतोय आणि आमच्यातला वेग शून्य. कधी नजरानजर व्हायची, एखादी हसायची. मग धीमी गाडी दिवा स्टेशनात थांबायची म्हणून मंदावू लागे, आणि ती बाई हळूहळू मागे सरके, आधी वीतभर, मग एक खिडकी, मग भराभर डबेच्या डबे. तेव्हा जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या आणि धीम्या मुंब्र्याकडून, त्यामुळे दिव्यानंतर आमच्या वाटाच वेगळ्या व्हायच्या.

उलट दिशेने येणारी गाडी मात्र थप्पड मारल्यासारखी यायची. हवेचा दणका, खिडकीची थरथर, रंगांचे फराटे, आणि संपलं. आपलीही ताशी ८०, तिचीही ८० असं धरलं तर ती आपल्यासमोरून ताशी १६० ने जाते, सेकंदाला साधारण ४४ मीटर. बारा डब्यांची लोकल अंदाजे अडीचशे मीटर. म्हणजे एका खिडकीसमोरून अख्खी गाडी जायला साडेपाच सेकंदांच्या आसपास. त्यात किती हजार माणसं गेली, एकाचाही चेहरा दिसत नाही. तीच माणसं, त्याच वेगाच्या गाडीत, आपल्या दिशेला असती तर त्यांच्या पोथीची पानं दिसली असती.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी भाचीबरोबर पहाटे ग्राउंडवर गेले. कॉलेजच्या मैदानावर फक्कीने चारशे मीटरची पट्टी आखलेली. गारठा होता, गवतावर दव होतं, मुली शाली बाजूला टाकून पाय झटकत होत्या. मुलींना आठशे मीटर धावायचं असतं, म्हणजे पट्टीला दोन फेऱ्या. भाची सुरुवातीला मुद्दाम मागे राहते आणि दुसऱ्या फेरीत पुढच्या मुलीला गाठते, हे मी दोनतीन वेळा बघितलं. ती धापा टाकत येऊन बसली तेव्हा मी तिला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, “पुढच्या मुलीला गाठताना तुला काय दिसतं?”

ती म्हणाली, “तिची पाठ.”

“आणि पाठ काय करते?”

“जवळ येते. म्हणजे...” ती थांबली. “मी तिच्याकडे जातेय असं वाटतच नाही. तीच मागे मागे येते माझ्याकडे. सावकाश.”

“तू इतकी जोरात पळतेस, मग सावकाश का?”

तिने बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “कारण ती पण पळतेय. माझं जेवढं जास्त आहे तेवढंच मिळतं मला.”

माझं जेवढं जास्त आहे तेवढंच मिळतं मला. वजाबाकीचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मग आम्ही तिथेच मातीत काडीने आकडे लिहिले. समज, तू सेकंदाला पाच मीटर धावतेस, ती चार पूर्णांक सहा. ती वीस मीटर पुढे आहे. तुला मिळतात सेकंदाला चाळीस सेंटिमीटर. वीस मीटर भरून काढायला पन्नास सेकंद, आणि तेवढ्या वेळात तू अडीचशे मीटर धावलेली असशील. तिने अडीचशेच्या आकड्याकडे बघितलं आणि पट्टीकडे बघितलं. “म्हणजे दुसऱ्या फेरीत अर्ध्यावरून जोर लावला तर उशीर होतो,” ती म्हणाली. शर्यतीत नेमका कधी वेग वाढवायचा हे तिला तिचे प्रशिक्षक ओरडून सांगत होते, पण ते का, हे तिला त्या क्षणी दिसलं. मग तिने स्वतःहूनच कालच्या गाड्यांचा विषय काढला. मी तिला विचारलं, तू १८० मीटरच्या गाडीत खिडकीशी बसली आहेस, समोरची २२० मीटरची गाडी तुझ्या खिडकीसमोरून जायला किती वेळ लागेल? ती सवयीने म्हणाली, सोळा. मग स्वतःच थांबली. डोळे मिटले. “नाही. मी एकटीच बसलेय. माझी गाडी मोजायची नाही, तिचीच लांबी. दोनशे वीस भागिले पंचवीस. आठ पूर्णांक आठ.” तिने डोळे मिटून केलेलं ते गणित बघताना मला दादांची फार आठवण आली.

डोंबिवलीला परत आले. कार्तिकातल्या संकष्टीला ताईचा फोन आला. तिचा उपास असतो, चंद्रोदयापर्यंत वेळ जात नाही म्हणून ती मला फोन करते. बोलता बोलता म्हणाली, कालच्यापेक्षा आज चंद्र इतका उशिरा का गं उगवतो? पृथ्वी एक फेरा घेईपर्यंत चंद्र आपल्या वाटेने पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला आपल्याला रोज सरासरी पन्नासेक मिनिटं जास्त फिरावं लागतं. मी हे सांगत होते आणि भाची पलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे चोर-पोलीसच!” अगदी तेच. आपलं सगळं पंचांग या पाठलागावर उभं आहे. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश १० कला चालतो, सूर्य सुमारे ५९ कला (साठ कलांचा एक अंश). चंद्राला रोज मिळतात १२ अंशांहून थोडे जास्त. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी झाली. बारा-बारा अंशांच्या अशा तीस तिथी झाल्या की पुन्हा अमावास्या. एका नक्षत्रापाशी चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत परत येतो, पण तेवढ्यात सूर्य सत्तावीस अंश पुढे गेलेला असतो. ते सत्तावीस अंश भरून काढायला चंद्राला आणखी सव्वादोन दिवस लागतात, म्हणून महिना साडेएकोणतीस दिवसांचा. भाचीने फोनवरच भागाकार करून पडताळा घेतला. तिथीचा क्षय आणि वृद्धीसुद्धा यातूनच होते, कारण चंद्राचा वेग सारखा नसतो. कधी तो दिवसाला बारा अंशांपेक्षा कमी चालतो, कधी पंधराच्या वर जातो. म्हणून एखादी तिथी एकोणीस-वीस तासांत आटपते, एखादी सव्वीस तासांवर रेंगाळते. भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्या चौकटीत दोन तिथी कोंबलेल्या दिसतात, तिथे चंद्र धावलेला असतो.

ताईने चंद्र बघून नैवेद्य दाखवायला फोन ठेवला. थोड्या वेळाने भाचीचाच फोन आला.

“मावशी, वेग सारखा नसतो म्हणालीस ना. मग तुझी ती दिव्याला थांबणारी लोकल? तिथे वजाबाकी कुठली करायची? तिचा वेग तर दर सेकंदाला बदलतोय.”

प्रश्नसंचातल्या सगळ्या गाड्या एकसमान वेगाने धावतात, त्यांना ना स्टेशन असतं ना सिग्नल, म्हणून सूत्र चालतं. खऱ्या गाडीला ब्रेक लागतो तेव्हा तक्ता कामाचा नाही, बसलेली जागा मात्र कामाची आहे. आम्ही फोनवर बोलत बोलत दोन्हीकडे कागदावर मांडायला घेतलं. समजा दोन्ही गाड्या सेकंदाला २० मीटरने शेजारी शेजारी चालल्या आहेत. धीमीने ब्रेक लावला आणि तिचा वेग दर सेकंदाला ०.८ मीटरने उतरू लागला. मी माझ्या जलद गाडीत बसलेय. पहिल्या क्षणी पलीकडची बाई माझ्यासाठी स्थिर. एका सेकंदाने ती सेकंदाला ०.८ मीटरने मागे जातेय, दोन सेकंदांनी १.६ ने, दहा सेकंदांनी ८ मीटरने. पंचविसाव्या सेकंदाला धीमी पूर्ण थांबली आणि ती बाई माझ्यापासून २० मीटरने, म्हणजे माझ्याच पूर्ण वेगाने, मागे जातेय. भाची मध्येच म्हणाली, “थांब, शून्यापासून वीसपर्यंत सारखा वाढतोय ना? मग मधला धरू, दहा. दहा गुणिले पंचवीस.” अडीचशे मीटर. मी तिला सांगितलं, बारा डब्यांची लोकल साधारण तेवढीच असते. म्हणजे धीमी दिव्याला थांबेपर्यंत तिचा पहिला डबा आमच्या शेवटच्या डब्याच्याही मागे गेलेला असणार. तिने विचारलं, “आणि तुझी गाडी पण मंदावत असेल तर?” मग ते मांडायला आम्ही दुसरा कागद घेतला.